कोलांटी मारणारा कागदी घोडा

ओरिगामीतला हा जुना, पारंपरिक घोडा. 15 सें.मी.चा चौरस कागद आणि कात्री पुरे. कात्रीला नाक मुरडणारे मुरडोत, दुसरी-तिसरीच्या मुलांना त्याचे सोयरसुतक नसते.

कर्ण व मध्यरेषांवर घड्या घालून लहान चौकोन करावा. उघडे टोक खाली ठेवून फक्त पुढचा व मागचा पदर मधोमध निम्म्यापर्यंत चिरावा. आतले पदर कापले गेले तर मान किंवा शेपूटच जाते आणि मूल रडकुंडीला येते. इथे कात्री मोठ्यांनी धरावी. चिरलेले भाग वर दुमडून निमुळते केले की चार पाय. आता आकृती उलटी फिरवावी. उरलेल्या दोन टोकांची मान व शेपूट.

शेपटीखाली टिचकी मारली की घोडा कोलांटी घेऊन पायांवर उभा राहतो. पहिल्याच घडीत कडा जुळल्या नसतील तर मात्र तोंडावर आपटतो. नोटांच्या गड्ड्या जुळवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे कडा मीच तपासतो.