एक झालं कोण?

१ मे आला की स्मरणिका निघतात. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर मंगल कलश, आत मंत्र्यांचे संदेश आणि साखर कारखान्याची जाहिरात. २०१० साली राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा तर ढीग पडला. मित्रहो, त्या फेकू नका, वाचा. पण वाचताना एकच सवाल धरून बसा : एक झालं कोण, आणि मोजलं कुणाला?

हा सवाल आपल्यापुरता नाही. १ जानेवारी १९०१ ला ऑस्ट्रेलियात इंग्रजांच्या सहा वसाहती मिळून एक राष्ट्र झालं. मिरवणुका निघाल्या. पण नव्या राष्ट्राच्या घटनेत १२७ वं कलम होतं : लोकसंख्या मोजताना तिथल्या मूळ आदिवासींना धरायचं नाही. ज्यांची भूमी, तेच हिशोबाबाहेर. ते कलम काढायला १९६७ चं सार्वमत लागलं.

आता आपलं बघा. मुंबई इलाख्यातला मराठी मुलूख, निजामाचा मराठवाडा, मध्यप्रांत-वऱ्हाडातला विदर्भ. तीन राजवटींचे तीन तुकडे १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. शंभरावर माणसं गोळीबारात गेली. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती झाली, तीत शेड्युल्ड कास्ट फेडरेशन होतं. १९५७ ला दादासाहेब गायकवाड नाशिकमधून आणि बी. सी. कांबळे कोपरगावातून लोकसभेवर गेले. अण्णाभाऊंची लावणी गावोगाव गाजली. म्हणजे आपण त्या लढ्यात पाहुणे नव्हतो.

तरी बाबासाहेबांना धास्ती होती. १९४८ ला त्यांनी मुंबईसह महाराष्ट्राची बाजू मांडली. १९५५ ला मात्र भाषिक राज्यांवर लिहिताना मराठी मुलखाची चार राज्यं करा म्हणाले. का? भाषा एक झाली म्हणून गावकूस पडत नाही. राज्य जेवढं मोठं, तेवढं बहुसंख्य जातीचं ओझं अल्पसंख्यांच्या छातीवर जड. हे कुठल्या स्मरणिकेत ठळक छापलेलं दिसतं?

आणि मोजदाद? १९५६ ला आपण बौद्ध झालो आणि सवलतीच्या यादीतून गळालो. राज्यानं १९६० ला सवलती दिल्या. केंद्राला नवबौद्ध अनुसूचित जातीत धरायला १९९० उजाडलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं जुलै १९७८ ला केला, तर मराठवाड्यात आपली घरं जळाली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. एका राज्याला एक नाव पचवायला सोळा वर्षं लागली!

लांब कशाला, आपल्या मुळशीत या. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ सत्याग्रह झाला. पुढारी सेनापती बापट. हेच बापट पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही होते. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली. लढा खरा होता, त्याला कमी लेखायचं नाही. पण घोषणा काय होती? जान किंवा जमीन. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्यानं काय म्हणायचं? १८९४ च्या कायद्यानं मोबदला जायचा तो जमिनीत हक्क असलेल्याला. बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती. दुसऱ्याच्या बांधावर राबणारा, गावची कामं करून बलुत्यावर जगणारा, रानात राहणारा कातकरी, यांच्या हाताला काय लागलं? गाव बुडालं की बलुतं बुडालं, आणि बुडालेल्या बलुत्याची पावती कुठलीच कचेरी देत नाही.

म्हणून दोस्तांनो, नुसती शिवी देऊन भागायचं नाही. मुळशीच्या वाड्या-वस्त्यांवर जा. म्हाताऱ्या आयाबायांपाशी बसा. त्यांच्या आज्या-पणज्यांनी सांगितलेलं विचारा : महारवाडा, मांगवाडा कुठं होता, पाणी कुठून भरायचे, वतन कसलं होतं, धरण आलं तेव्हा माणसं कुठं गेली. तारीख घालून लिहा. ही माणसं गेली की ते पानही गेलं. तीन तुकडे जोडल्याचा हिशोब सरकारनं छापलाय. गावाबाहेर ठेवलेल्यांचा हिशोब आपल्यालाच छापायचाय.