शिसे व बालकांचे अवधान

बालवयात शरीरात गेलेल्या शिशाचा मुलांच्या एकाग्रतेवर होणारा परिणाम. सोलवटणारा जुना रंग व त्याची धूळ, पूर्वीच्या शिसेयुक्त पेट्रोलचा धूर आणि शिशाचे पाण्याचे नळ ही शिशाची मुख्य उगमस्थाने. रांगते मूल सारखे हात तोंडात घालते. पोटात गेलेल्या शिशापैकी जवळपास निम्मे त्याच्या शरीरात शोषले जाते. प्रौढांत हे प्रमाण दशांशाच्या आसपास असते. मुलात लोहाची कमतरता असली, तर शोषण आणखी वाढते. शिसे कॅल्शियमची जागा घेते. त्यामुळे ते हाडा-दातांत साठते आणि चेतापेशींच्या संदेशवहनात अडथळा आणते.

रक्तातील शिसे काही आठवड्यांत ओसरते. त्यामुळे शाळकरी मुलाच्या रक्तावरून त्याच्या रांगत्या वयातले काही कळत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी यावर नामी तोडगा काढला : पडलेले दुधाचे दात. अमेरिकेत मॅसॅचूसेट्समधील चेल्सी व सॉमरव्हिल येथील पहिली-दुसरीच्या मुलांचे दात जमवून त्यांनी दातांच्या आतल्या थरातील शिसे मोजले. मूल चटकन विचलित होते का, हातचे काम तडीस नेते का, साधी सूचना पाळते का, तंद्रीत असते का, असे प्रश्न शिक्षकांना विचारले. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २,१४६ मुलांमध्ये शिशाबरोबर अशा तक्रारीही चढत गेलेल्या आढळल्या. ही मुले विषबाधेची रुग्ण म्हणून नोंदलेली नव्हती, हे विशेष. पुढे नीडलमन यांच्यावर संशोधनातील गैरवर्तनाचे आरोप झाले. आरोप करणाऱ्या दोघी शिसे-उद्योगाच्या बाजूने तज्ज्ञ साक्षीदार राहिल्या होत्या. चौकशीत लबाडी सिद्ध झाली नाही.

तरीही चंचल मूल दिसले की शिशावर खापर फोडणे चूक. एडीएचडीत (अवधानाचा अभाव व अतिचंचलता यांच्या विकारात) आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. शिवाय जुनी, पडकी घरे गरिबांच्याच वाट्याला येतात, तेव्हा गरिबीचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते.

उपचारांना मर्यादा आहेत. सक्सिमर या औषधाने रक्तातील शिसे उतरते. पण २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुलांच्या बुद्धिचाचणीत वा वर्तनात सुधारणा दिसली नाही. म्हणून सारा भर प्रतिबंधावर असतो. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशाला १९७८ मध्ये बंदी घातली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, तर घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. ती नव्या रंगाच्या डब्यांपुरती. भिंतींवरचे जुने थर तसेच राहतात. असा रंग कोरडा घासून काढल्यास शिशाची धूळ घरभर पसरते. त्यामुळे तो ओला करूनच खरवडावा आणि काम पुरे होईपर्यंत मुलांना दुसरीकडे ठेवावे.