बाराशे रुपयांचे 'क्रॅम्पॉन' घ्यावेत का? बर्फातल्या ट्रेकसाठी स्वस्तात काय घ्यायचं आणि काय भाड्याने आणायचं

दिवाळी संपली की पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपवर केदारकंठाचे फोटो फिरायला लागतात. त्यामागोमाग ठरलेला प्रश्न येतो: "क्रॅम्पॉन घेऊ का? ऑनलाइन बाराशेला मिळतायत." मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि सुट्ट्या साठवून हिमालयात जातो, त्यामुळे असे स्क्रीनशॉट माझ्याकडे दर हिवाळ्यात येतात. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. बाराशेचं ते क्रॅम्पॉन नाहीये. पण तुला क्रॅम्पॉनची गरजही नाहीये, त्यामुळे घाबरू नकोस.

घोळ नावाचा आहे. शॉपिंग अ‍ॅपवर 'क्रॅम्पॉन' असं शोधलं की तीन वेगवेगळ्या वस्तू एकाच यादीत दिसतात.

पहिली म्हणजे रबराची जाळी आणि तिला लावलेली धातूची छोटी बटणं किंवा स्प्रिंग. ही युरोप-अमेरिकेत बर्फ पडलेल्या फुटपाथवरून दुकानात जाण्यासाठी असते. डोंगरावर हिचा उपयोग नाही. उतारावर पाय तिरका पडला की जाळी बुटावरून सरकते आणि बटणं बर्फात रुततच नाहीत.

दुसरी म्हणजे मायक्रोस्पाइक्स. बुटाभोवती ताणून बसवायचा जाड रबरी पट्टा, तळाशी साखळ्या, आणि साखळ्यांना साधारण एक सेंटिमीटर लांबीचे स्टीलचे काटे. पाय वाकला की साखळीही वाकते, म्हणून कुठल्याही ट्रेकिंग बुटावर चालतात. बाराशे-पंधराशेला मिळतात ते बहुधा हेच, आणि विक्रेता बिनदिक्कत त्यांना 'क्रॅम्पॉन' म्हणतो.

तिसरी वस्तू म्हणजे खरा क्रॅम्पॉन. धातूची कडक चौकट, दोन तुकडे जोडणारी मधली पट्टी, आणि दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे 10 किंवा 12 दात, त्यातले दोन पुढे आलेले. आजच्या क्रॅम्पॉनचा नकाशा ऑस्कर एकेनस्टाइन नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने 1908 मध्ये मांडला आणि इटलीतल्या कुर्मायर गावच्या आंरी ग्रिव्हेल या लोहाराने तो घडवला. पुढचे दोन दात 1929 मध्ये लोराँ ग्रिव्हेलने जोडले. त्यांची कंपनी अजून क्रॅम्पॉन बनवते. इंजिनिअर आणि लोहार एकत्र बसले की काय होतं याचं हे माझं आवडतं उदाहरण आहे.

तुमचा उतार कुठला?

केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पास, दयारा बुग्याल हे हिवाळ्यात मराठी पोरांनी भरलेले ट्रेक. इथे पुढच्या लोकांच्या पावलांनी वाट दाबली जाते आणि रात्री ती गोठून काचेसारखी होते. घसरण्याचा धोका खरा आहे, विशेषतः शिखराच्या दिवशी पहाटे अंधारात. पण या वाटेवर मायक्रोस्पाइक्स पुरतात. बऱ्याच ट्रेक कंपन्या ते देतात, नाहीतर केदारकंठाच्या पायथ्याच्या सांकरी गावात काही शे रुपयांत भाड्याने मिळतात. वर्षातून एकच ट्रेक करणार असाल तर विकत घेण्यात अर्थ नाही.

फ्रेंडशिप पीक (5,289 मीटर) किंवा लडाखमधलं कांग यात्से-2 अशी शिखरं ठरवली असतील तर गोष्ट बदलते. तिथे उतार तीव्र असतो, बर्फ पहाटे टणक असतो आणि घसरलात तर थांबायला सपाटी जवळ नसते. एक सेंटिमीटरचा काटा अशा बर्फावर फक्त ओरखडा काढतो. शिवाय साखळी सैल असते. तीव्र उतारावर बुटाची कड रोवली की रबर ताणलं जातं, काटे बाजूला फिरतात आणि बूट थेट बर्फावर येतो. मायक्रोस्पाइक्स घालून मोठ्या उतारावर जाण्यात घात आहे तो इथेच. सकाळभर ते छान चाललेले असतात, म्हणून माणसाचा विश्वास बसलेला असतो.

उताराचा अंदाज डोळ्यांनी नेहमी चुकतो. फोन वापरा. ट्रेकिंगची काठी उताराच्या दिशेने बर्फावर आडवी ठेवा, तिच्यावर फोनची कड टेकवा आणि लेव्हल किंवा क्लिनोमीटर अ‍ॅप उघडा. आयफोनच्या 'मेझर' अ‍ॅपमध्ये ही सोय आहे, अँड्रॉइडवर फुकटची अ‍ॅप आहेत. पंचवीस अंशांच्या पुढे आकडा गेला आणि बर्फ टणक असेल तर मायक्रोस्पाइक्सवर भिस्त ठेवू नका. तीसच्या पुढे गेला तर प्रश्न फक्त पायातल्या काट्यांचा राहत नाही, कारण बहुतेक हिमप्रपात 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात. (फोन आतल्या खिशात ठेवा. थंडीत बॅटरी 40 टक्क्यांवरून थेट बंद पडते.)

आणि एक, कारण पावसाळ्यात हमखास विचारतात: हरिहरच्या ओल्या पायऱ्यांवर मायक्रोस्पाइक्स घालू का? नको. बर्फात काटा रुततो, बेसॉल्टमध्ये रुतत नाही. दगडावर स्टील उलट घसरतं, आणि शेकडो वर्षांच्या कोरीव पायऱ्यांवर ओरखडे पडतात ते वेगळंच.

आधी बूट, मग क्रॅम्पॉन

समजा खरा क्रॅम्पॉनच हवाय. आता लोक किंमत बघायला लागतात, आणि मी म्हणतो आधी बूट दाखव.

हा शुद्ध कंपॅटिबिलिटीचा मामला आहे. बूट आणि क्रॅम्पॉन यांच्यामधला कनेक्टर जुळला नाही तर दोन्ही वस्तू कितीही महाग असोत, उपयोग शून्य. ब्रिटनमध्ये यासाठी एक सोपी पद्धत रुळली आहे: बुटांना बी-0 ते बी-3 आणि क्रॅम्पॉनना सी-1 ते सी-3. बुटाचा आकडा क्रॅम्पॉनच्या आकड्याएवढा किंवा त्याहून मोठा हवा. सगळ्या कंपन्या हे आकडे छापत नाहीत, पण बूट हातात घेऊन ओळखता येतं.

टाच आणि चवडा दोन्ही हातांनी धरून बूट वाकवा. सहज वाकला तर तो बी-0. आपण सह्याद्रीत वापरतो ते जवळजवळ सगळे बूट यातच मोडतात. यावर क्रॅम्पॉन बसवला तर चालताना प्रत्येक पावलाला बूट वाकतो आणि चौकट वाकत नाही. पट्टे हळूहळू ढिले होतात, टाच उचलली जाते, आणि एखाद्या अडनिड्या जागी क्रॅम्पॉन पायातून निघतो. किंवा मधली पट्टी हजारो वेळा थोडीथोडी वाकून थकते आणि तुटते. धातूच्या 'फटीग'वर परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, ते हेच.

जोर लावल्यावर थोडा वाकणारा बूट बी-1. त्याला सी-1 चालतो: पुढे-मागे प्लास्टिकची खोबण, नायलॉनचा पट्टा, कुठलाही खटका नाही. टाचेच्या वर आडवी खाच असलेला ताठ बूट बी-2. त्याला सी-2 चालतो, म्हणजे पुढे पट्टा आणि मागे खटका. पुढे-मागे दोन्हीकडे खाच असलेला, अजिबात न वाकणारा तो बी-3. सी-3 ची पुढची तार त्याच्याच खाचेत बसते.

त्यामुळे पहिल्यांदा घेणाऱ्याला मी सी-1, म्हणजे पूर्ण पट्ट्याचाच क्रॅम्पॉन सुचवतो. तो बी-1 पासून बी-3 पर्यंत सगळ्यांवर बसतो. आज भाड्याचे बूट, उद्या स्वतःचे, परवा वेगळ्या कंपनीचे, तरी क्रॅम्पॉन बदलायला लागत नाही. ब्लॅक डायमंडचा 'कॉन्टॅक्ट', पेट्झलचा 'इर्विस', ग्रिव्हेलचा 'जी-10' हे याच घराण्यातले, 10 दातांचे. नवे घेतले तर दहा हजारांच्या वर जातात. 12 दात उभ्या गोठलेल्या भिंतींसाठी उपयोगी. हिमनदीवर चालायला आणि सोप्या शिखराला 10 भरपूर झाले. दोन दात जास्त म्हणून जास्त पैसे देऊ नका.

लिस्टिंग कसं वाचायचं

स्क्रीनवर '24 दात, प्रोफेशनल, माउंटेनिअरिंग' असं मोठ्या अक्षरात असतं. दातांची संख्या जितकी मोठी, तितकी ती वस्तू क्रॅम्पॉन असण्याची शक्यता कमी, असा माझा अनुभव आहे. 19, 24 हे आकडे मायक्रोस्पाइक्सचे असतात.

मी सगळ्यात आधी तळाच्या फोटोवर झूम करतो. साखळी दिसली की प्रश्न मिटला. चौकट दिसली तर तिच्यावर ठसा शोधतो: सीई, ईएन 893 आणि शक्य असेल तर यूआयएए. ईएन 893 हे पर्वतारोहणाच्या क्रॅम्पॉनचं युरोपीय मानक आहे, यूआयएएचं त्याच कामाचं मानक 153 क्रमांकाचं. ठसा धातूवर हवा. फक्त फोटोवर किंवा खोक्यावर चिकटवलेलं चित्र असेल तर मी पुढे जातो. मायक्रोस्पाइक्सवर मात्र ईएन 893 शोधत बसू नका, ते मानक त्यांच्यासाठी नाही.

मग रिव्ह्यू, आणि तेही एक तारेवाले आधी. 'डिलिव्हरी उशिरा' सोडून द्या. 'रबर तुटलं', 'कडी उघडली', 'काटा वाकला' असं दोन-तीन वेगवेगळ्या लोकांनी फोटोसकट लिहिलं असेल तर ते खरं धरा. स्वस्त मायक्रोस्पाइक्समध्ये आधी जातं ते रबर आणि रबरात साखळी अडकवलेली जागा. हातात आल्यावर प्रत्येक कडीचा जोड पाहा. तो नुसता वाकवून मिटवलेला असेल तर उघडतो, वेल्ड केलेला असेल तर टिकतो. मग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी ताणा. आई काय म्हणेल ते म्हणो, रबराला तडा जाणार असेल तर परत करण्याच्या मुदतीत घरी गेलेला बरा.

स्टील की अ‍ॅल्युमिनियम

अ‍ॅल्युमिनियमच्या क्रॅम्पॉनचं वजन स्टीलपेक्षा बरंच कमी, म्हणून लिस्टिंगमध्ये मोह पडतो. ते स्की करणाऱ्यांसाठी आणि मऊ बर्फासाठी ठीक. आपल्याकडच्या शिखरांवर बर्फाच्या मधे खडक आणि मोरेनचे दगड येतात. अ‍ॅल्युमिनियमचे दात त्यावर लवकर बोथट होतात. एकच जोड घेणार असाल तर स्टील. स्टेनलेस गंजत नाही, साधं क्रोमॉली स्टील पुसून ठेवलं तर तेही वर्षानुवर्षं टिकतं.

पैसे वाचवताना तळाची प्लास्टिकची पत्री मात्र सोडू नका. दुपारी ऊन लागलं की ओला बर्फ चौकटीत चिकटतो आणि पायाखाली गोळा तयार होतो. दात हवेत राहतात, तुम्ही गोळ्यावर उभे. ही पत्री तो गोळा धरू देत नाही. काही कंपन्या ती वेगळी विकतात, म्हणजे 'स्वस्त' दिसणारी किंमत पत्रीशिवायची असू शकते.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. मधल्या पट्टीच्या भोकांभोवती आणि दातांच्या मुळाशी केसाएवढी भेग आहे का ते फोनचा टॉर्च तिरका धरून बघा. भेग असेल तर फुकट दिला तरी नको. दात बोथट असतील तर कानशीने हाताने धार लावता येते. ग्राइंडरवर नेऊ नका, तापून स्टीलचं पाणी उतरतं आणि दात मऊ पडतो.

आणि शिकायचंच असेल, तर उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट किंवा मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था यांच्या बेसिक कोर्सला जा. सुमारे चार आठवड्यांचा कोर्स, आणि बूट, क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स संस्था देते. मी तर म्हणतो खरेदी कोर्सनंतरच करा. आइस अ‍ॅक्सने घसरण थांबवता येत नसेल, तर क्रॅम्पॉन तुम्हाला फक्त जास्त उंचावर नेऊन सोडतो.

घातल्यावर

घरीच बसवून बघा. पट्टे न आवळता बूट उचलून हलकासा झटका द्या. चौकट बुटाला धरून राहिली तर लांबी बरोबर आहे. पुढचे दात बुटाच्या टोकापुढे दोन-अडीच सेंटिमीटर आले पाहिजेत. बकल बाहेरच्या बाजूला, पट्ट्याचं शेपूट खोचलेलं. चालताना पाय थोडे फाकवून टाका, नाहीतर एका पायाचा दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतो.

केदारकंठावरून उतरताना सगळे बसून घसरगुंडी करतात. मजा येते, मीही करतो. पण आधी पायातले काटे काढायचे, मायक्रोस्पाइक्स असले तरी. वेगात घसरताना एक काटा जरी बर्फात रुतला तरी पाय तिथेच थांबतो आणि शरीर पुढे जातं. घोटा मोडायला तेवढं पुरतं, आणि तिथून सांकरीपर्यंत रस्ता नाही. खाली आणायचं ते पाठीवर नाहीतर खेचरावर. मागचा रील काढायला थांबलाय म्हणून घाई करू नका, काटे काढून पिशवीत टाकायला दोन मिनिटं लागतात.

परत आल्यावर पाण्याने धुवा, कोरडे पुसा, दातांवर तेलाचा हात फिरवा. विमानाने जात असाल तर क्रॅम्पॉन आणि मायक्रोस्पाइक्स चेक-इनच्या बॅगेत टाका. केबिन बॅगेत असले तर सुरक्षा तपासणीत अडकतात. दातांना जुन्या टायरट्यूबचा तुकडा गुंडाळला की बॅगही फाटत नाही.