'रेफ्युजी'चं कुळ

धाराशिवकडची जुनी माणसं साल सांगत नाहीत, 'रझाकारात' म्हणतात, म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या बाजूनं रझाकारांनी धुमाकूळ घातला त्या काळात. थोरला रझाकारात झाला, वाडा रझाकारात जळाला, रझाकारात आम्ही बार्शीला पळालो. बार्शी-सोलापूर निजामाच्या हद्दीपलीकडे, म्हणून चूल-भांडी घेऊन माणसं तिकडं गेली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गात शिरली, १७ तारखेला निजाम शरण आला आणि बहुतेक जण परतले. यांना कुणी रेफ्युजी म्हटलं नाही. तो शब्द आपण फाळणीनंतर उल्हासनगरला आलेल्या सिंध्यांसाठी राखून ठेवला होता.

गंमत म्हणजे हा शब्द जन्मला तोही एकाच जमातीसाठी. १६८५ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं प्रॉटेस्टंटांना पूजास्वातंत्र्य देणारं १५९८ चं नांतचं फर्मान रद्द केलं. त्यांच्या पाद्र्यांना हुकूम, पंधरा दिवसांत देश सोडा. बाकीच्यांना हुकूम, देश सोडाल तर खबरदार! तरी सुमारे दोन लाख निसटले. त्यातले पन्नासेक हजार इंग्लंडात उतरले, कित्येक लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये रेशमी मागावर बसले. या ह्युगनो, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, लोकांसाठी इंग्रजांनी त्यांचाच फ्रेंच शब्द उचलला, रेफ्युजी. त्यात आसरा आहे. आपल्या 'निर्वासित'मध्ये नुसतं हुसकावणं.

दोनशे वर्षांत या लोकांची भाषा गेली, आडनावंही इंग्रजी वळणाची झाली. आणि तेव्हाच, १८८५ मध्ये, लंडनला ह्युगनो सोसायटी निघाली. न्यूयॉर्कची दोन वर्षं आधीच निघाली होती. लंडनचे पहिले अध्यक्ष सर हेन्री लेयार्ड, प्राचीन निनेव्हे नगरीचं उत्खनन करणारे. दुसऱ्यांचे पूर्वज उकरून झाल्यावर गडी स्वतःच्या पूर्वजांकडे वळला म्हणायचा! सोसायटीनं हाती घेतलेलं मोठं काम मात्र कारकुनी होतं: फ्रेंच चर्चांतल्या बाप्तिस्म्या-लग्नांच्या नोंदवह्या उतरवून छापणं. पळून आलेल्या आजोबाचं नाव वहीत सापडलं, की नातू ह्युगनो.

ही वही आपल्याला परकी नाही. तुळजापुरात घराण्यांचे पुजारी ठरलेले असतात आणि त्यांच्याकडच्या जुन्या बाडांत गावागणिक, आडनावागणिक यजमानांच्या पिढ्या मांडलेल्या असतात. ना वर्गणी, ना अध्यक्ष, ना वार्षिक सभा. रझाकारात गेलेलं एखादं घर बार्शीतच रुजलं असेल, तर त्याचा नातू दर्शनाला आल्यावर पत्ता बार्शीचाच सांगणार. पुजारी बाड सोडता सोडता विचारतो, "ते झालं. मूळ गाव कोणतं?"