वस्तुसंग्रहालयांतील आदिवासी व तांडा-वस्तू (वऱ्हाड–मध्य प्रांत)

आदिवासी आणि भटक्या जमातींचे दागिने, कपडे, हत्यारे जमवून मांडण्याची पद्धत वऱ्हाड व मध्य प्रांतात इंग्रजी अमलात रुजली. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, लोकांच्या तोंडी ‘अजब बंगला’, 1863 मधले. वऱ्हाडचा मुलूख 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला होता.

1866-67 च्या जबलपूर प्रदर्शनात वस्तूंबरोबर माणसेही आणली गेली. त्यांची पाहणी करणाऱ्या समितीच्या अहवालाने शीर्षकातच त्यांना ‘नमुने’ म्हटले. ही भाषा आजही बोचते. अशा काळातल्या संग्रहांत गोळा करणाऱ्या साहेबाचे नाव सापडते, घडवणाऱ्या हातांचे क्वचितच. वस्तू विकली, भेट दिली की दबावाखाली सोडली, हेही बहुधा लिहिलेले नसते. त्यामुळे वस्तूच नीट न्याहाळावी लागते.

बंजारा स्त्रीची कांचळी (चोळी) हे त्याचे उत्तम उदाहरण. तिच्यावरच्या कवड्या मूळच्या मालदीवकडच्या समुद्रातल्या. कडी जोडून ओवलेले किंवा टाचलेले चांदीचे रुपये सरकारी टांकसाळीतले. नाण्यावर व्हिक्टोरिया ‘राणी’ असेल तर ते 1877 पूर्वीचे, ‘सम्राज्ञी’ असेल तर त्यानंतरचे. म्हणजे नाण्यावरच्या सालाआधी ते तिथे टाचले गेलेले नाही, एवढे पक्के सांगता येते. रुपया वजनाने एक तोळा आणि बारापैकी अकरा भाग चांदी. अंगावरचा दागिना हीच तांड्याची शिल्लक होती, अडीनडीला काढून मोडता येणारी. बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहून ती जमली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि ही वाहतूक मोडत गेली. पुढे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने बंजाऱ्यांच्या काही गटांवरही शिक्का बसला. कांचळीवरचे रुपये मात्र त्यांच्या व्यापाराची साक्ष देतात.

गोंड आणि मेळघाटातल्या कोरकूंच्या माळांत काचेचे मणी दिसतात. व्हेनिस आणि बोहेमियाचे मणी बंदरांतून व्यापाऱ्यांकडे आणि तिथून आठवडी बाजारात येत. त्या बाजारात मोह, लाख, डिंक, चारोळी देऊन मीठ आणि कापड घेतले जाई. ‘बाहेरच्या जगापासून तुटलेली जमात’ हे जुने वर्णन या माळांपुढे टिकत नाही. मण्यांवरून काळ ठरवणे मात्र नाण्यांइतके सोपे नाही, कारण जुनी माळ तुटली की तेच मणी नव्या दोऱ्यात ओवले जातात.