वटाव आणि परतावा : परभणीच्या पेठांतील हिशेबाच्या भाषेचा एक मागोवा

परभणी जिल्ह्यातील सेलू, मानवत, गंगाखेड ह्यांसारख्या पेठांत जुन्या वळणाने वह्या लिहिणाऱ्या व्यापाऱ्यांच्या खातेवहीत 'कसर-वटाव' नावाचे एक खाते असावयाचे. गिऱ्हाइकाने उधारी चुकती करताना वरची चिल्लर सोडून दिली, मुदतीआधी पैसे हाती आले म्हणून शेकडा एक-दोन रुपये कमी घेतले, अथवा मुदतीची हुंडी आधीच विकून रोकड उभी केली, म्हणजे जी तूट येई ती ह्या खात्यात नावे पडे. खाते एक असले तरी त्यातील शब्द दोन आहेत आणि त्यांचे अर्थ अगदी एकच नाहीत. 'कसर' हा शब्द अरबी. मोडणे, तुकडा, अपूर्णांक हे त्याचे मूळचे अर्थ. मराठीत त्याला उणेपणाची छटा आली. कसर भरून काढावी लागते, ताप उतरला तरी त्याची कसर राहते. 'वटाव' हा मात्र 'वटणे' ह्या क्रियापदाच्या घरातला आहे. हुंडी वटत असे, आज धनादेश वटतो. कागदाचा पैसा होणे म्हणजे वटणे, आणि तो पैसा करून देणारा त्यातून जे कापून घेतो तो वटाव. तिसरा सोबती 'बट्टा'. तो नाण्याच्या अदलाबदलीत लागे. पुढे तो माणसांच्या नावालाही लागू लागला.

ह्या शब्दांची आठवण करण्याचे कारण आजचे आहे. क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँका खरेदीच्या शेकडा एक, दोन, कधी पाचपर्यंत रक्कम गिऱ्हाइकाला परत देतात. हिला 'कॅशबॅक' म्हणतात. मराठीत कोणी 'रोख परतावा' म्हणतो, कोणी इंग्रजी शब्दच चालवितो. बँक पैसे परत करते आणि तरीही नफ्यात राहते, हे कसे, असा प्रश्न सामान्य माणसाला पडतो. 'परतावा' ह्या शब्दाकडेच पाहत राहिल्यास त्याचे उत्तर सापडत नाही. ते सापडते 'वटाव' ह्या शब्दात.

परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याचे नाणे हाली सिक्का, तर शेजारच्या वऱ्हाडात आणि मुंबईच्या बाजारात इंग्रजी कलदार रुपया. ठरावीक दर सात हाली रुपयांस सहा कलदार असा होता. म्हणजे शंभर कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. कापसाचा भाव मुंबईच्या बाजाराकडे पाहून ठरे, सरकारी धारा मात्र हालीत भरावयाचा. ज्याला दोन्ही नाण्यांची गरज, त्याला दोन्हींमधला बट्टा चुकत नसे. १९५० पासून भारतीय रुपया हालीच्या बरोबरीने चालू झाला, पुढे हालीची पाडणी थांबली आणि १९५९ मध्ये ती चलनातून पुरती गेली. बट्ट्याचा धंदा त्याबरोबर संपला, पण शब्द राहिला.

विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-हैदराबाद हा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग सुरू झाला आणि सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके कापसाच्या उलाढालीशी जोडली गेली. दूरच्या खरेदीदाराचा पैसा पेठेत येई तो बहुधा हुंडीच्या रूपाने. दर्शनी हुंडी दाखविताच वटे. मुदती हुंडीचे पैसे आज हवे असतील तर मुदतीच्या दिवसांचे व्याज आणि सराफाची जोखीम वजा करून ती वटवावी लागे. ह्या व्यवहारात काही लबाडी होती असे नव्हे. थांबण्याची किंमत कोणी तरी मोजावयाची, आणि घाई असलेला ती मोजी, एवढेच. सराफाने वटावातला काही भाग हुंडी लिहिणाऱ्याला बक्षीस म्हणून परत दिला असता, तर त्याला उदार म्हणावयास पेठेतील मुनीम तयार झाला नसता. पैसे कोणाच्या अंगावरचे, हे त्याने आधी विचारले असते.

शेतकऱ्याचा संबंध हुंडीपेक्षा अडतीशी अधिक. अडत्याकडे माल घातला की विक्रीनंतर हाती पट्टी येई. पट्टीत वर मालाचा भाव व वजन, आणि खाली कापण्यांची रांग: अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, कुठे गोशाळा, कुठे वजनातच धरलेला कडता. ह्यांतल्या कित्येकांना कायद्याचा आधार नव्हता, रिवाजाचा होता. तरी पट्टीचा एक गुण मान्य केला पाहिजे. कापणी अन्यायाची असली तरी तिला नाव होते आणि कागदावर तिची जागा होती. नाव असलेल्या गोष्टीविरुद्ध तक्रार करता येते, आणि ती झालीही. हैदराबादच्या रेसिडेंटाच्या अमलाखालील वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये तेथील कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने अशा बाजारांची शिफारस केली. आणि १३३९ फसलीत, म्हणजे १९३० च्या सुमारास, हैदराबाद संस्थानाने आपला शेती बाजार कायदा केला. महाराष्ट्राचा आजचा कायदा १९६३ चा आहे. ह्या सगळ्या कायद्यांचा रोख थोड्याफार फरकाने एकाच गोष्टीवर आहे: कोणती कापणी चालेल, किती चालेल आणि ती कोणी सोसावयाची, हे उघड ठरले पाहिजे.

आता कार्डाकडे वळता येईल. १९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब सुरू झाला. कार्ड दाखवून जेवणाऱ्याकडून उपाहारगृहाला त्या वेळी रोख मिळत नसे. सही केलेली चिठ्ठी मिळे. ती क्लबकडे पाठविली की बिलाच्या शेकडा सात रुपये, म्हणजे तेथील सात डॉलर, कापून उरलेली रक्कम हाती पडे. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरी ६०,००० लोकांना घरपोच कार्डे पाठवून हीच पद्धत बँकेच्या धंद्यात आणली. ह्या कापणीचे इंग्रजी नाव 'मर्चंट डिस्काउंट'. गिऱ्हाइकाला मिळणारी सूट असा 'डिस्काउंट'चा अर्थ आज दुकानाच्या पाटीमुळे रूढ झाला आहे. येथे तो नाही. येथे तो हुंडीच्या भाषेतला आहे. दुकानदार आपल्याजवळचा कागद बँकेत वटवितो आणि बँक वटाव घेते. सराफकट्ट्यावरच्या मुनिमाला हा व्यवहार समजावून सांगावा लागला नसता. भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये कार्ड आणले, तेही ह्याच तत्त्वावर.

समजा, परभणीच्या एखाद्या कापड दुकानात १,००० रुपयांची साडी कार्डावर घेतली आणि वटाव शेकडा दोन आहे. दुकानदाराला ९८० मिळतात. राहिलेल्या वीस रुपयांतला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो; थोडा दुकानात यंत्र बसविणाऱ्या बँकेला आणि थोडा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे ह्या जाळ्याच्या चालकाला. कार्ड देणाऱ्या बँकेने आपल्या वाट्यातून दहा रुपये गिऱ्हाइकाच्या खात्यात परत टाकले, तर तो परतावा. १९८६ मध्ये सीअर्स ह्या अमेरिकी दुकानसमूहाच्या डिस्कव्हर कार्डाने हा परतावा देशभर लोकप्रिय केला. बँक आपल्या खिशातून काही देत नाही. दुकानदाराकडून घेतलेल्यातले काही देते, आणि तेवढ्यासाठी गिऱ्हाईक रोख रकमेऐवजी तेच कार्ड पुढे करते. पुष्कळदा खर्चही थोडा सैल हाताने करते. परताव्याला महिन्याची कमाल मर्यादा असते, काही खरेदीवर तो मिळत नाही, गुणांच्या रूपाने दिला तर कित्येकांचे गुण न वापरताच मुदत संपून वाया जातात. ही सगळी बँकेची कसर.

तरीही वटाव हा ह्या धंद्याचा सोज्वळ भाग आहे. खरा गाभा व्याजाचा. महिन्याचे बिल पूर्ण न भरणाऱ्याला अनेक कार्डांवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज पडते, म्हणजे वर्षाला चाळिसाच्या घरात. दहा रुपये परत मिळाले म्हणून आनंदलेल्या गिऱ्हाइकाने त्या हजारातले पाचशे एक महिना थकविले, तर सतरा रुपये गेलेच, वर विलंबशुल्क निराळे. जो दर महिन्याला पूर्ण भरतो त्याला परतावा खरोखर मिळतो; जो भरू शकत नाही त्याच्या व्याजातून धंदा चालतो. मुद्दल न फेडता व्याज देत राहणारे कूळ सावकारालाही आवडे. फरक एवढा की सावकारावर अंकुश आला. १३४९ फसलीत हैदराबादने सावकारी कायदा केला; महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याच्या विनातारण कर्जाला वर्षाला शेकडा १२ चा दर ठरविण्यात आला. मुद्दलाहून अधिक व्याज घेऊ नये, हा दामदुपटीचा जुना निर्बंध तर सर्वांच्या परिचयाचा आहे. बँका ह्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द ठरविला. परवानाधारक सावकार आणि कार्डबँक ह्यांच्या दरांतले हे अंतर पाहता, 'सावकारी' हा शब्द कोणाला शोभतो ह्याचा विचार कोशकारांनी करावयास हरकत नाही.

राहिला प्रश्न वीस रुपये शेवटी कोणाच्या अंगावर पडतात हा. दुकानदार ते सोसत नाही, किमतीत मिसळतो. आणि किंमत सर्वांना एकच असते. त्याच दुकानात सोयाबीनची पट्टी उरकून आलेला पालमचा किंवा सोनपेठचा शेतकरी रोख पैशांनी साडी घेतो तेव्हा कार्डवाल्याच्या वटावाचा वाटा तोही देतो, पण परतावा त्याला नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये ह्याचा हिशेब मांडला होता. त्यांच्या अंदाजाप्रमाणे सरासरी रोखीने चालणारे कुटुंब वर्षाला १४९ डॉलर अप्रत्यक्षपणे देत होते आणि कार्डाने चालणाऱ्या कुटुंबाच्या पदरात १,१३३ डॉलर पडत होते. हे आकडे परभणीला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. पैशाच्या वाहण्याची दिशा मात्र तीच. विशेष हे की शेतकऱ्याच्या सकाळच्या पट्टीत हमाली-तोलाईचे कलम छापलेले असते, दुपारच्या साडीच्या बिलात वटावाचे कलम नसते.

युरोपीय संघाने २०१५ मध्ये क्रेडिट कार्डावर बँकांना मिळणारा वाटा शेकडा ०.३ वर बांधला. त्यानंतर तेथील परतावे आक्रसले. भारतात रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून डेबिट कार्डाच्या वटावाला मर्यादा घातली: वार्षिक उलाढाल वीस लाखांपर्यंत असलेल्या लहान दुकानदारास शेकडा ०.४०, इतरांस ०.९०. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय ह्यांवरचा वटाव शून्य करण्यात आला. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. म्हणून मोठे परतावे दिसतात ते त्याच कार्डांवर. वटाव नसेल तेथे परत देण्यासारखे फारसे उरत नाही.

परभणीच्या बाजारात किराणा दुकानदार चौकोनी ठिपक्यांचा कागद पुढे करतो आणि काही न कापता पैसे घेतो. दागिन्यांच्या किंवा यंत्रसामग्रीच्या दुकानात मात्र क्रेडिट कार्ड काढताच, "कार्डावर दोन टक्के जास्तीचे लागतील," असे सांगणारा दुकानदार अधूनमधून भेटतो. बँकांच्या करारांत ह्याला सहसा मनाई असते, आणि गिऱ्हाईकही रागावते. दुकानदार 'वटाव' हा शब्द उच्चारीत नाही, बहुधा त्याला तो ठाऊकही नसतो; परंतु बिलातून नाहीसे झालेले ते कलम त्या वाक्यापुरते पुन्हा पट्टीवर येते.