शेक्सपीअरचे आजोळ

आगरकरांनी ‘हॅम्लेट’ला ‘विकारविलसिता’चा मराठी वेष चढविला, तेव्हापासून शेक्सपीअर आपल्याला परका राहिला नाही. पण त्याच्या घरच्या माणसांविषयी कोणी विचारले तर आपण गप्प होतो. त्यात आपला दोष नाही. त्याच्या आईबापांचे वा आजोबांचे एकही पत्र मागे उरलेले नाही. उरले आहेत ते भाडेपट्टे, गहाणखते आणि मृत्युपत्रे. ह्या रूक्ष कागदांतून एक संसार कसा उभा राहतो, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

वॉरिकशर परगण्यात स्ट्रॅटफर्डजवळ स्निटरफील्ड आणि विल्मकोट अशी दोन खेडी आहेत. विल्मकोटचा रॉबर्ट आर्डन हा स्निटरफील्डच्या काही जमिनीचा मालक होता. ही जमीन कसणारा कोण? १५६० साली आर्डनच्या विधवेने ती ४० वर्षांच्या पट्ट्याने दुसऱ्यास दिली. जमीन नेमकी ओळखता यावी म्हणून पट्ट्यात वहिवाटदारांची नावे घातली, आणि त्यांत रिचर्ड शेक्सपीअर हे नाव आले. म्हणजे नाटककाराचे एक आजोबा मालक आणि दुसरे त्यांचे कूळ! कुळाच्या मुलाने मालकाची मुलगी केली, हे आपल्याला कोणा चरित्रकाराने नव्हे, भाडेपट्ट्याने सांगितले.

आर्डनला आठ मुली. १५५६ साली त्याने मृत्युपत्र केले. त्यात धाकट्या मेरीला विल्मकोटची ‘अॅस्बीज’ नावाची जमीन, तीवरील उभ्या पिकासह दिली. शिवाय रोख ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी ज्या दोन मुली नेमल्या त्यांत मेरी एक. थोरल्या बहिणी असताना धाकटीवर हा विश्वास टाकला, ह्यावरून बापाच्या मनातले तिचे स्थान कळते. त्याच्या मृत्यूनंतर घरच्या चीजवस्तूंची याद झाली, तीत बैल, गाई, मधमाश्या आणि भिंतींवर टांगावयाचे ११ चित्रित पडदेही आहेत. सुखवस्तू शेतकऱ्याचे ते घर होते.

पुढे मेरीचा पती जॉन अडचणीत आला. १५७८ साली त्या दोघांनी मेरीची जमीन ४० पौंडांस गहाण टाकली. सावकार परका नव्हता, मेरीच्याच बहिणीचा नवरा. १५८० साली मुदत संपली. पैसे देऊ केले होते, पण मागची इतर देणी फिटल्याखेरीज ते घेण्यास त्याने नकार दिला, असे जॉनचे म्हणणे. १५८८ व १५९७ साली फिर्यादी झाल्या. जमीन परत आली नाही. बापाने विश्वासाने दिलेले शेत असे हातचे गेले. १५७९ च्या एका विक्रीखतावर मेरीची निशाणी आहे. जगातल्या सर्वश्रेष्ठ नाटककाराच्या आईने स्वहस्ते कागदावर उमटविलेली खूण आपल्यापाशी आहे.

कागदांचा महिमा एवढ्यावर संपत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्मकोटचे एक देखणे घर मेरीचे माहेर म्हणून दाखविले जाऊ लागले. १९३० साली शेक्सपीअरच्या स्मारकसंस्थेने ते विकत घेतले आणि हजारो यात्रेकरूंनी तेथे माथा टेकला. सन २००० मध्ये जुन्या जमीनदस्तांचा शोध घेता असे निघाले की, ते घर शेजारी अॅडम पामर ह्याचे! आर्डनचे खरे घर जवळचेच साधेसुधे ग्लीब फार्म; त्याची लाकडे १५१४ च्या सुमारास तोडलेली. सुदैवाने तेही संस्थेने १९६८ मध्येच घेऊन ठेवले होते, नाहीतर ते कधीच पाडले गेले असते. आणि हा पामर कोण? आर्डनने मुलींच्या वाटणीची व्यवस्था ज्यांच्यावर सोपविली त्यांपैकी एक विश्वासू शेजारी. दंतकथेने त्याला पुसून टाकले होते. कागदाने त्याचे घर त्याला परत दिले.

आपल्याही घरोघरी माळ्यावर अशा पेट्या आहेत. त्यांतले कागद वाळवीला किंवा रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा उलगडून पाहावेत, एवढीच आमची विनंती. त्यांतही कोणा मेरीची निशाणी असेल.